हर्निया आणि रात्रीचा मुक्काम

हर्नियाचं ऑपरेशन ठरलं की भंडाऱ्याकडे पहिली चर्चा होते ती रात्री पेशंटजवळ कोण झोपणार याची. जांघेतल्या साध्या हर्नियाला बहुतेकदा हा मुक्काम लागतच नाही, असं माझं मत आहे. एडिंबराच्या फार्कर्सन यांनी तर १९५५ सालीच असे शेकडो हर्निया जागेवरच्या भुलीत दुरुस्त करून पेशंट घरी पाठवल्याचं लिहून ठेवलंय. आपल्याकडे पेशंटला अडवून ठेवते ती जखम नव्हे, भूल. पाठीत इंजेक्शन दिलं की पाय जड राहतात, कुणाची लघवी अडते, नळी घालावी लागते आणि सुट्टी सकाळवर जाते. त्याऐवजी बधिर करणारं लिग्नोकेन जांघेत थराथराने देत गेलं तर पेशंट जागा असतो. आधाराची जाळी शिवून झाली की त्याला टेबलावरच खोकायला सांगायचं. मागची भिंत टिकते की फुगते, ते समोरच दिसतं. दुर्बिणीच्या ऑपरेशनला बहुधा पूर्ण भूल लागते, त्यामुळे त्याचं कौतुक मला जरा बेतानंच वाटतं. अशा ऑपरेशनला लागणारी जाळी महाग पडते, ही सबबही फार टिकत नाही. धुळे जिल्ह्यातल्या दोंडाईच्याच्या डॉ. टोणगावकरांनी मच्छरदाणीचं कापड निर्जंतुक करून जाळी म्हणून वापरलं; पुढे युगांडात तशाच कापडाची महागड्या जाळीशी तुलना झाली आणि २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या निकालात वर्षभरानंतर दोन्हींत फारसा फरक दिसला नाही.

यावर लोक विचारतात, लाखांदूरसारख्या लांबच्या गावच्या माणसाला रात्री रक्तस्राव झाला तर? प्रश्न रास्त आहे. पण त्रास देणारा रक्तस्राव बहुधा पहिल्या काही तासांतच कळतो. म्हणून ऑपरेशन सकाळी करावं, आणि पेशंट चालला, जेवला, लघवीला गेला की मगच सोडावं. जखम पिकायची तर ती काही दिवसांनी पिकते. तोवर मुक्काम केलेलाही घरीच असतो. म्हणजे रात्रीचा पहारा भलत्याच वेळी बसतो, आणि रोवणीच्या दिवसांत त्यापायी दोघांची मजुरी बुडते. घरी गेला की धानाचं पोतं उचलेल, ही भीती खरी. पण एका रात्रीच्या कॉटने ती कुठे जाते? अडकलेला हर्निया, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या, दमलेलं हृदय, घरी एकटा राहणारा म्हातारा किंवा वैनगंगेच्या पुराने बंद झालेला रस्ता असेल तर मात्र खुशाल ठेवून घ्यावं. बाकीच्यांना सोडताना रात्री दोन वाजताही फोन उचलणारी सिस्टर हवी, आणि ही सोय कॉटपेक्षा स्वस्त पडते.