‘बाळंतपण होऊ दे, मग बघू’

‘बाळंतपण होऊ दे, मग बघू, असं सांगितलंय.’ माझ्याकडे येणाऱ्या गरोदर बायकांच्या तोंडी हे वाक्य सतत असतं. कोणी सांगितलं म्हणून विचारावं, तर कधी सासूबाई निघतात, पण पुष्कळदा डॉक्टरच. पोट तपासणाऱ्या मॅडम म्हणतात, दातांचं दातवाल्यांना विचारा. दातवाले म्हणतात, आधी मॅडमची चिठ्ठी आणा. ठणकती दाढ घेऊन ती बाई हेलपाटे घालत राहते. मी हिरड्यांच्या आजारांची डॉक्टर आहे आणि ठामपणे सांगते, या सल्ल्याला शास्त्राचा आधार नाही.

गरोदरपणात संप्रेरकं वाढतात, हिरड्यांकडे रक्त जास्त येतं आणि दातांवरच्या थोड्याशा किटणानंही त्या सुजतात. 60 ते 75 टक्के गरोदर स्त्रियांना हा त्रास होतो. ब्रशला रक्त लागलं की बाई घाबरून घासणंच सोडते. किटण वाढतं, रक्त आणखी येतं. काहींना दोन दातांच्या फटीतून लालभडक, मऊ गाठ येते, हात लागताच रक्त येणारी. पुस्तकात तिला ‘प्रेग्नन्सी ट्यूमर’ म्हणतात आणि केसपेपरवर ते नाव वाचून घरात रडारड होते. ती कॅन्सरची गाठ नसते. बाळंतपणानंतर ती बहुधा आक्रसते.

बाळ आईच्या दातांतलं कॅल्शियम ओढून घेतं, हेही खरं नाही. दात झिजतात ते ओकाऱ्यांतल्या आम्लानं, किडतात ते दिवसभर थोडं थोडं गोड खाल्ल्यानं. ओकारी झाल्याझाल्या ब्रश करू नये. कपभर पाण्यात चमचाभर खायचा सोडा घालून चूळ भरावी आणि तासाभरानं दात घासावेत. एवढी साधी गोष्ट ओकाऱ्यांच्या गोळीबरोबर का सांगितली जात नाही?

मशेरीबद्दल मी मुद्दाम वेगळं विचारते. ‘तंबाखू खाता का?’ या प्रश्नाला बाई अगदी खरेपणानं ‘नाही’ म्हणते, कारण मशेरी तिच्या लेखी दात घासायची पूड असते. तव्यावर भाजली तरी ती तंबाखूच. तिच्यातलं निकोटिन तोंडातून रक्तात जातं, आणि पोटातल्या बाळाचं वजन कमी भरण्याशी तंबाखूचा संबंध आहे. केसपेपरवर ‘व्यसन नाही’ लिहून मोकळं होणाऱ्या माझ्या तरुण सहकाऱ्यांनी हा एक प्रश्न तरी वाढवावा.

आता उपचारांचं. अमेरिकेतल्या स्त्रीरोगतज्ज्ञांच्या संघटनेनं 2013 मध्येच स्पष्ट केलं की दातांची तपासणी, साफसफाई, लिग्नोकेनची भूल, पोट झाकून काढलेला दाताचा एक्स-रे, रूट कॅनाल, दात काढणं हे सगळं गरोदरपणात सुरक्षित आहे. सवडीची कामं चौथ्या ते सहाव्या महिन्यात करणं सोयीचं. पू झाला असेल तर कुठल्याही महिन्यात थांबू नये. दिवस भरत आलेल्या बाईला खुर्चीत सपाट उताणं झोपवलं की गर्भाशयाचा भार मोठ्या रक्तवाहिनीवर येतो, तिला घाम फुटतो, गरगरतं. उजव्या कुशीखाली छोटी उशी सरकवून तिला किंचित डावीकडे कलतं केलं की बरं वाटतं.

काम टाळलं म्हणून दुखणं थांबत नाही. रात्री दाढ ठणकते आणि नवरा मेडिकलमधून डायक्लोफेनॅक नाहीतर ब्रुफेन आणतो. विसाव्या आठवड्यानंतर या गोळ्यांनी गर्भजल कमी होऊ शकतं. ज्या बाळाच्या काळजीनं आपण दाढेला हात लावला नाही, त्यालाच आपण हा धोका पोचवतो. दुखण्यावर पॅरासिटामॉल चालतं, पण किडलेली दाढ तेवढ्यानं बरी होत नाही.

इथे एक पथ्य आम्हीही पाळावं. 1996 मध्ये संशोधक ऑफेनबाखर यांनी हिरड्यांचा आजार आणि अपुऱ्या दिवसांची बाळंतपणं यांचा संबंध दाखवला, तेव्हा मोठी आशा वाटली होती. 2006 मधल्या अमेरिकेतल्या मोठ्या चाचणीत मात्र, गरोदरपणी हिरड्यांवर उपचार करून अशी बाळंतपणं कमी झाली नाहीत. उपचार सुरक्षित असल्याचं मात्र तिथे दिसलं. तेव्हा ‘दात साफ करा, बाळ पूर्ण दिवसांचं होईल’ असं आमिष कोणी दाखवू नये. आईचं दुखणं थांबवायचं, एवढं कारण पुरेसं आहे.

त्यासाठी बाईला आमच्यापर्यंत वेळेत पोचवायला हवं. सिडनीच्या पश्चिम भागात संशोधक अजेश जॉर्ज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सुईणींनाच तोंड तपासायला शिकवलं. विचारायचे प्रश्न दोनच: दात-हिरड्यांचा काही त्रास आहे का, आणि गेल्या वर्षभरात दातांच्या डॉक्टरांना दाखवलं का? आपल्याकडे दर महिन्याच्या 9 तारखेला सरकारी दवाखान्यांत गरोदर मातांची तपासणी होते. वजन, रक्तदाब, हिमोग्लोबिन सगळं बघतात. आशाताई, नर्सताई आणि डॉक्टर मंडळींनो, त्याच रांगेत हे दोन प्रश्न विचारा, मशेरीचा तिसरा जोडा आणि गरज असेल तिला त्याच आठवड्यात आमच्याकडे पाठवा.