सीतेची वेणी

आपल्या शाळेच्या हौदाजवळच्या आंब्याला काथ्याने बांधलेली एक हिरवी जुडी तुम्ही पाहिली असेल. पुष्कळजण मला विचारतात, "ते बांडगूळ कशाला बांधलंय?" म्हणून हा लेख लिहीत आहे. ते बांडगूळ नाही. ती सीतेची वेणी आहे.

माझ्या मामाचे गाव पानशेतच्या वर डोंगरात आहे. दोन वर्षांपूर्वी वळवाच्या पावसात तिथल्या जुन्या आंब्याची फांदी मोडली. तिच्यावर ही जुडी होती. मामा म्हणाला, "बांडगूळ आहे, टाक चुलीत." पण आजीने त्याचा हात धरला. "अरे, सीतामाईची वेणी कुणी जाळतं का?" आजी लहान असताना मुली हिचा तुरा केसांत माळायच्या म्हणे. मग मी ती ओल्या फडक्यात गुंडाळून एस.टी.ने खडकवासल्याला आणली.

बाईंनी वर्गात भिंगातून मुळ्या दाखवल्या. बांडगुळाची मुळी फांदीच्या आत शिरते आणि झाडाचा रस ओढते. हिची मुळी सालीला नुसती मिठी मारते. ती जाड, पांढुरकी असते, पाणी पडले की हिरवट होते, कारण तिच्यावर स्पंजासारखे आवरण असते. पावसाचे पाणी आणि सालीवरचा पालापाचोळा एवढ्यावर हिचे भागते. बाकी अन्न ती पानांत उन्हावर स्वतः तयार करते. म्हणजे आंब्याकडे ती फक्त राहायला आहे, जेवायला नाही! हिच्या कुळाला मराठीत आमरी आणि इंग्रजीत ऑर्किड म्हणतात. आइसक्रीममधला खरा व्हॅनिला याच कुळातल्या एका वेलीच्या शेंगेपासून मिळतो. हे ऐकून आमचा अख्खा वर्ग हसला.

आता ती कशी वाढवायची ते सांगते. आजी म्हणत होती कुंडीत माती घालून लाव. बाईंनी नको सांगितले, कारण मातीत मुळ्यांना हवा मिळत नाही आणि त्या कुजतात. खरबरीत सालीचे झाड बघायचे. सकाळचे कोवळे ऊन लागेल आणि दुपारी सावली राहील अशा बाजूला काथ्याने बांधायची. तार नको, तार रुतते. नव्या मुळ्यांनी साल धरली की काथ्या कुजला तरी चालतो.

खरी पंचाईत उन्हाळ्यात झाली. मामाच्या गावाला डोंगरातला पाऊस भरपूर, आपल्याकडे त्या मानाने कमी. त्यात चैत्रातला कोरडा वारा. पहिल्या उन्हाळ्यात पाने सुरकुतली, खालची दोन पिवळी पडून गळाली. मला वाटलं, संपली आता. सुट्टीत मी रोज सकाळी येऊन मुळ्यांवर पाणी फवारत होते. (औषध मारायचा पंप वापरायचा नाही, बाटली कोरी हवी.) संध्याकाळी पाणी मारले तर ते रात्रभर पानांच्या बेचक्यात साचते आणि गाभा कुजतो. मृगाचा पाऊस पडला आणि मुळ्यांना हिरवी टोकं फुटली.

यंदा मेअखेर तुरा आला. अगदी वेणीसारखा खाली लोंबणारा, पांढऱ्या फुलांवर जांभळट गुलाबी ठिपके. मी फुले मोजली, ८३ भरली. आसामात हिला कोपौ फूल म्हणतात. तिथे बिहू सणाला नाचणाऱ्या मुली ते केसांत माळतात, आणि ते आसामचे राज्यफूल आहे. आमच्या वर्गातल्या मुलींनाही तोडावंसं वाटत होतं, पण कुणी तोडलं नाही.

हिचे बी धुळीसारखे बारीक असते. त्यात अन्नाचा साठा नसतो. विशिष्ट बुरशीची साथ मिळाली तरच ते रुजते, म्हणून हजारो बियांतून एखादेच रोप होते. तेव्हा रानातून कुणी ओरबाडून आणू नये. मोडून पडलेल्या फांदीवरची उचलावी. आणि पालकांना विनंती, आंबा-फणसावरचे बांडगूळ काढताना कोयता मारण्याआधी मुळी तेवढी बघा.

एका फुलाला शेंग धरली आहे. सध्या पाऊस आहे, पाणी द्यायचे नाही. दिवाळीनंतर पाळ्या लावायच्या आहेत. ज्यांना पाळी हवी त्यांनी बाईंकडे नाव द्यावे. सोमवार माझा आहे.

— एक विद्यार्थिनी, इयत्ता सातवी