३८४ मीटरवरचा खड्डा

सालेकसा तालुक्यातल्या त्या पोराला कचारगड पायांनीच ठाऊक होता. माघ पौर्णिमेच्या यात्रेत गर्दीबरोबर चढायचं, दम लागला की दगडावर टेकायचं. डोंगराची उंची आकड्यांत भेटली ती कॉलेजात, एका झिप फाइलमध्ये.

फेब्रुवारी २००० मध्ये एंडेव्हर यानाने ११ दिवसांच्या फेरीत पृथ्वीचा बहुतेक भूभाग रडारने मोजला. त्या मोजणीच्या ज्या चौकटीत सालेकसा येतं, तिचं नाव ‘एन२१ई०८०’. आत २८,८४,८०२ बाइट. १२०१ ओळी, दर ओळीत १२०१ उंच्या, प्रत्येकीला दोन बाइट. मथळा नाही, स्वल्पविरामसुद्धा नाही. कसं वाचायचं ते वाचणाऱ्याने आधीच माहीत करून यायचं.

त्याने सी भाषेत सरळ वाचलं. ३३० मीटर म्हणजे १ आणि ७४ हे दोन बाइट. फाइलीत थोरला आधी, त्याच्या इंटेल मशीनला धाकटा आधी हवा. उत्तर आलं १८,९४५. धानाची बांधी एव्हरेस्टच्या दुपटीहून उंच! गंमत अशी, की झिपचे स्वतःचे आकडे धाकटा बाइट आधी ठेवतात आणि आतला माल उलटा. एकाच पोत्यात दोन मापं.

ही चूक निदान ओरडून सांगते. पुढची लबाड निघाली.

नोकरीत तोच कोड जावात न्यायचा होता. त्याने दोन बाइट हातानेच जोडले. डोंगर ३८३ पर्यंत नीट चढला आणि ३८४ ला एकदम १२८ वर कोसळला. जावाचा बाइट −१२८ ते १२७ एवढाच. १२८ तिथे उणे होतो, आणि २५६ मीटर गायब. नकाशावर छान दरी दिसत होती. शेजारी बसणाऱ्याला ती खरीही वाटली. याला नाही, तिथे चढ आहे हे त्याच्या पोटऱ्यांना माहीत होतं.

पायथनमध्ये हे सगळं दोन चिन्हांत आटोपलं: मोठेपणाची खूण आणि एक ‘एच’.

रडारला जिथे काहीच दिसलं नाही, तिथे फाइलीत −३२,७६८ असतं. (बाइट उलटे वाचले तर त्याचेही १२८च होतात!) अशी भोकं शेजारच्या आकड्यांवरून बुजवायची सोय आहे. कचारगडच्या चौकटीत मात्र त्याने ती कोरीच ठेवली आहेत.