दाराबाहेरून आत

२५ मार्च २०२० रोजी देशभर टाळेबंदी सुरू झाली तेव्हा ती गावी होती. तिच्या प्रबंधाची सामग्री मात्र विद्यापीठाच्या सर्व्हरवर. जुन्या नियतकालिकांच्या पानांची छायाचित्रे, शब्दसूची, तीन वर्षांची टिपणे. सारे कुलपाआड. अखेर संगणक-विभागातील एका कर्मचाऱ्याने दूरध्वनीवरून समजावीत तिच्या संगणकावर व्हीपीएन बसवून दिले.

या व्यवस्थेत घर आणि विद्यापीठ यांमधील सारा व्यवहार सांकेतिक रूपात, जणू बोगद्यातून, होतो आणि घरच्या संगणकाला विद्यापीठाच्या जाळ्यातील अंतर्गत पत्ता मिळतो. त्यामुळे सर्व्हरच्या लेखी ती विभागातच बसलेली असे. फाइल उघडावी, दुरुस्त करावी, जतन करावी. ती पुन्हा तिथल्या कपाटातच राही. गावातील नेट मध्यरात्रीनंतरच बरे चाले, म्हणून तिचा विभाग रात्री भरू लागला.

मराठीत ‘प्रवेश’ म्हटले की दार आठवते, उंबरठा आठवतो. येथे दार उरले नव्हते. उरले होते नाव आणि परवलीचा शब्द. अंतराचा अडसर गेला, अधिकाराचा राहिला. हा दुसरा अडसर अधिक निबर, हे तिला पुढे कळले.

२०२२मध्ये प्रबंध मान्य झाला. पाठोपाठ, महिनाभरात खाते बंद होईल, असे पत्र आले. त्या रात्री ती फाइली उतरवून घ्यायला बसली. सर्वांत आधी तिने उतरवले ते पहिल्या प्रकरणाचे जुने, रद्द झालेले टंकलिखित; त्याच्या समासात मार्गदर्शकांच्या टिपा होत्या.