बाहेर जाणारा माल

कस्टम्समध्ये आहे म्हटलं की लोक विमानतळावरच्या सोन्याच्या गोष्टी विचारतात. माझी बरीचशी नोकरी न्हावा शेवा बंदरात निर्यातीच्या बाजूला गेली. येणारा माल अडवला की शाबासकी. जाणारा अडवला की ‘देशाचं परकीय चलन बुडवता का?’

1962 च्या कस्टम्स कायद्याच्या कलम 51 खाली आमचा ‘लेट एक्स्पोर्ट’ आदेश मिळाल्याशिवाय कंटेनर जहाजावर चढत नाही. पण जहाज कुणासाठी थांबत नाही, त्यामुळे एजंटचं पालुपद ठरलेलं: ‘साहेब, आज कट-ऑफ आहे.’ सगळे कंटेनर उघडणं अशक्यच. कुठला उघडायचा ते बहुतेक वेळा संगणक सांगतो. बाकी आपले डोळे.

एका कंटेनरचं सील शाबूत होतं, नंबर जुळत होता. दाराच्या मुठीजवळच्या रिव्हेटवरचा रंग तेवढा ताजा होता. सील न तोडता दार उघडायची ही जुनी युक्ती. कागदावर वेगळाच माल, आत रक्तचंदनाचे ओंडके. शेषाचलमच्या जंगलातलं हे लाकूड. ओंडक्यांच्या निर्यातीला बंदी, चीनकडे मागणी. चंदन म्हणून नाक लावाल तर फसाल, याला तो सुगंध नाही. भुसा पाण्यात टाकला तर फारसं काही होत नाही, स्पिरिटमध्ये टाकला की लालभडक रंग सुटतो. वनखात्याच्या माणसाने तिथेच करून दाखवलं.

ड्रॉबॅकसाठी, म्हणजे निर्यातीवर परत मिळणाऱ्या शुल्कासाठी, चिंध्यांना उंची शर्टांची किंमत लावणारेही भेटले. त्यांचं फार कौतुक नको.

खरा कस लागला तो कांद्याच्या वेळी. 7 डिसेंबर 2023 ला अधिसूचना निघाली, दुसऱ्या दिवसापासून निर्यात बंद. त्याआधी ज्यांचं लोडिंग सुरू झालं होतं किंवा माल आमच्या ताब्यात आला होता, त्यांना सूट. म्हणजे सगळा न्याय गेटवरच्या नोंदीतल्या वेळेवर. नाशिककडचे व्यापारी हातात पावत्या घेऊन उभे. ट्रक घाटात अडकला, त्यात माझा काय दोष, हा एकाचा प्रश्न. उत्तर कायद्यात नव्हतं. चोर पकडण्यात एक मजा असते, इथे तीही नाही. कांदा तर रोज सडतोच आहे.

जे कंटेनर सोडले त्यांच्या फाइलवर पान-पानभर कारणं लिहिली, उद्या ऑडिटने विचारलं तर असावीत म्हणून. अडवलेल्यांसाठी अधिसूचनेचा क्रमांक पुरला.