बाबासाहेबांचा बॉनचा अर्ज आणि उमरेडकडची तीन एकर

थोडं लांब लिहितोय. घरात इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाचं पोरगं-पोरगी असेल आणि तोंडात जर्मनीचं नाव असेल, तर पूर्ण वाचा.

दिवाळीनंतरची गोष्ट. उमरेडकडचा एक ओळखीचा माणूस, खाणीत ठेकेदाराकडे टिप्पर चालवतो, सकाळी सकाळी घरी आला. चहा होईपर्यंत बोलला नाही. मग म्हणाला, "भाऊ, पोरीनं फारीनचं काढलं आहे. तीन एकर काढून टाकू काय? गिऱ्हाईक आहे, इसार द्यायला तयार आहे."

पोरगी हुशार आहे. नागपूरच्या कॉलेजातून मेकॅनिकल, सीजीपीए ८.२. नागपुरातल्या एका कन्सल्टन्सीनं चाळीस हजार घेऊन तिचे तीन अर्ज भरले होते. तिन्ही खासगी कॉलेजं. वर्षाची फी बारा हजार युरो, म्हणजे आजच्या भावानं बारा लाखांच्या आसपास. दोन वर्षांचे चोवीस. राहणं-खाणं वेगळं. तीन एकरांचा हिशोब तिथून आलेला होता.

मी म्हटलं, जर्मनीत तर सरकारी विद्यापीठात फी नसते असं ऐकून आहे. पोरगी म्हणाली, "काका, मी विचारलं होतं. ते म्हणाले तुझे मार्क बसत नाहीत."

मी पत्रकार माणूस. मार्क बसत नाहीत म्हणजे कुठे बसत नाहीत, हे विचारायची खोड आहे. शनिवारी तिघं मिळून त्या ऑफिसात गेलो. काचेचं दार, भिंतीवर जगाचा नकाशा, टेबलावर छोटे छोटे झेंडे. समोरच्या पोरानं लॅपटॉप फिरवून दाखवला: तिचा जर्मन ग्रेड २.०८. तिला हव्या त्या दोन कोर्सची अट २.० किंवा त्याहून चांगला. तिकडे उलटं असतं, आकडा जितका कमी तितका चांगला. "पॉइंट झिरो एटनी गेलं सर," असं म्हणून त्यानं खासगी कॉलेजांचं माहितीपत्रक पुढे केलं.

घरी येऊन ते गणित पाहिलं. आठवी-नववीच्या पातळीचं आहे. जास्तीत जास्त गुणांतून तुमचे गुण वजा करा. त्याला जास्तीत जास्त वजा किमान पासिंग, या आकड्यानं भागा. तीननं गुणा, एक मिळवा. सगळी मेख त्या किमान पासिंगमध्ये आहे. कन्सल्टन्सीनं दहापैकी पासिंग पाच धरलं होतं. तिच्या मार्कशीटच्या मागे छापलंय चार. चार धरलं की उत्तर १.९ येतं. काढून बघा.

एका आकड्यावर तीन एकर चालली होती. मुद्दाम केलं की चुकून, देव जाणे. पण एवढं माहीत करून घ्या की खासगी कॉलेजं एजंटाला प्रवेशामागे कमिशन देतात, सरकारी विद्यापीठं देत नाहीत. मग एजंट तुम्हाला कोणत्या दारात नेईल, ते तुम्हीच ठरवा.

मग आम्ही स्वतः बसलो. मला जर्मनचा ज कळत नाही. पण डीएएडी नावाची त्यांची संस्था आहे, तिच्या साइटवर सगळ्या कोर्सची यादी फुकट आहे, इंग्रजीत शिकवणारे वेगळे काढता येतात, फीचा रकाना असतो. बहुतेक राज्यांत सरकारी विद्यापीठात परदेशी विद्यार्थ्यालाही शिकवणीची फी नाही, फक्त सहा महिन्याला शे-दोनशे, फार तर साडेतीनशे युरोची वर्गणी. अपवाद आहेत. बाडेन-व्युर्टेमबर्ग राज्यानं २०१७ च्या हिवाळी सत्रापासून युरोपबाहेरच्यांना सत्राला १५०० युरो लावले. म्युनिकच्या तांत्रिक विद्यापीठानं २०२४ पासून याहून बरीच जास्त फी सुरू केली. ते वगळूनही पुष्कळ उरतात.

कागदपत्रांत मात्र जीव जातो. भारतातल्या विद्यार्थ्यांना नोव्हेंबर २०२२ पासून एपीएस प्रमाणपत्र लागतं. दिल्लीत तुमच्या मार्कशीट तपासून मिळतं, फी १८ हजार. त्यात वेळ जातो, म्हणून हे सगळ्यात आधी. मग ट्रान्सक्रिप्ट. मग किमान पासिंग किती, याचं कॉलेजच्या लेटरहेडवर पत्र. तिच्या कॉलेजातल्या बाबूला हे पत्र कशाला पाहिजे तेच कळेना. "मार्कशीटवर लिहिलं आहे न बाप्पा, आता पत्र काहून?" चौथ्या चकरेत मिळालं. दोष देत नाही, त्याच्याकडे असं मागणारी ती पहिलीच असेल. मग युनि-असिस्ट, तिथे पहिल्या अर्जाचे ७५ युरो आणि पुढच्या प्रत्येकाचे ३०. बहुतेक ठिकाणी हिवाळी सत्राची शेवटची तारीख १५ जुलै, पण काहींची मे, काहींची मार्चमध्येच संपते. तारीख त्या विद्यापीठाच्या पानावरच पाहा, कुणाच्या यूट्यूबवर नको.

हे चालू असताना एक गोष्ट हाती लागली. दरवर्षी दीक्षाभूमीच्या पुरवणीसाठी मी बाबासाहेबांवर लिहितो. १९१३ चं कोलंबिया, बडोद्याची शिष्यवृत्ती, मग लंडन, हे पाठ झालंय. बॉन कधी लिहिलं नव्हतं. १९२१ च्या सुरुवातीला, लंडनला शिकत असताना, बाबासाहेबांनी जर्मनीतल्या बॉन विद्यापीठात प्रवेशासाठी अर्ज केला. स्वतःच्या हातानं, जर्मन भाषेत. कागद तिथल्या विद्यापीठाच्या दफ्तरात आहे. त्या एप्रिलमध्ये त्यांचं नाव दाखल झालं. पुढे वर्गांना हजेरी नाही म्हणून नाव कमीही झालं, कारण लंडनचं काम आटपत नव्हतं. बॉन हे तेव्हाही सरकारी विद्यापीठच, १८१८ सालचं.

पोरीला सांगितलं तर ती म्हणाली, "काका, त्यांना एपीएस नव्हतं न पण." तिचा बाप हसला नाही. त्यानं विचारलं, "मंग पैसे कोणं देल्ले त्याहिले?" नोकरीतून साठवलेले, नवल भथेना या मित्राकडून घेतलेलं कर्ज, शाहू महाराजांची मदत. १९१७ मध्ये शिष्यवृत्तीची मुदत संपली म्हणून लंडनचं शिक्षण अर्धवट टाकून परत यावं लागलं होतं, १९२० मध्ये असे पैसे गोळा करून ते पुन्हा गेले.

पैशाचा प्रश्न इथेही उरलाच. फी नाही म्हणजे फुकट नाही. व्हिसासाठी वर्षाचा खर्च आधी ब्लॉक खात्यात दाखवावा लागतो. तो आहे ११,९०४ युरो, म्हणजे पुन्हा बारा लाखांच्या घरात. दर महिन्याला ९९२ युरो तुम्हालाच परत मिळतात, पण आधी भरावे लागतात.

राज्य सरकारची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे, ७५ जागा. पण विद्यापीठ क्यूएस क्रमवारीत वरच्या दोनशेत हवं. जर्मनीतली त्यात बसणारी हाताच्या बोटांवर मोजावीत. ज्यांना तिकडे होखशूल म्हणतात, ती प्रत्यक्ष कारखान्याचं काम शिकवणारी सरकारी कॉलेजं, त्या यादीत येतच नाहीत. मेकॅनिकलच्या पोरीला तीच जास्त कामाची. केंद्राच्या योजनेत देशभरासाठी १२५ जागा. २०२५ च्या जुलैत १०६ जणांची निवड झाली आणि पत्रं आधी ४० जणांनाच निघाली, बाकीच्यांना निधी असेल तर देऊ म्हणाले. प्रवेश हातात घेऊन बसलेल्या पोरांना हे सांगायचं! पैसे आकाशातून पडत नाहीत हे कळतं, पण यादी लावण्याआधी तिजोरी बघता येते की नाही?

बँकेत गेलो. साडेसात लाखांच्या वर तारण लागतं. बाप म्हणाला, तीन एकर आहे. मॅनेजर चांगला माणूस होता, पाणी दिलं आणि सांगितलं की शेतजमीन याला चालत नाही. म्हणजे विकता येते, तारण ठेवता येत नाही. बाप रस्त्यानं एक शब्द बोलला नाही.

शेवटी पोरीची आत्या उभी राहिली. हुडकेश्वरकडे तिचा एनए प्लॉट आहे, नवरा गेल्यावर मिळालेल्या पैशातून घेतलेला. ती म्हणाली, ठेवा. तिच्या स्वतःच्या मुलाला हे आवडलेलं नाही, आणि त्याचंही चूक आहे असं मी म्हणणार नाही.

एपीएस आलं. पाच अर्ज गेले आहेत, तीन विद्यापीठं, दोन होखशूल, पाचही सरकारी. खासगीचे अर्ज मागे घेतले, चाळीस हजार बुडाले. इसार घेतला नाही. गिऱ्हाइकाचा फोन मात्र अजून येतो. काल माझ्यासमोरच आला. बापानं सांगितलं, "ऑगस्टपर्यंत थांबा भाऊ," आणि फोन खिशात टाकून ड्युटीवर गेला.