संथ पाण्यावर

निवृत्तीनंतर नवराबायकोनें एकमेकांशीं बोलायचें तरी काय, हा प्रश्न अलेप्पीच्या कालव्यांत नाव सुटतांच मजपुढें उभा राहिला. केट्टुवळ्ळम् ही मूळची तांदूळ वाहणारी होडी. तिच्या फळ्या खिळ्यांनीं नव्हे, काथ्याच्या दोरीनें शिवलेल्या. सौभाग्यवतींनीं ते टांके चांचपले आणि धांवदोरा कीं उलटी टीप, असें नावाड्याला खुणांनींच विचारलें! यंत्राची घरघर मात्र असह्य. ती घटकाभर बंद करविली.

कुट्टनाडांत बांधापलीकडचीं भातशेतें कालव्याच्या पाण्याहून, किंबहुना समुद्रसपाटीहूनहि खालीं आहेत. बांध फुटला कीं पीक गेलें. वेंबनाड सरोवरांतून खारें पाणी शेतांकडे चढूं नये म्हणून १९७६ पासून तण्णीरमुक्कमचा बंधारा आहे. पाऊस सरल्यावर कांहीं महिने त्याचीं दारें मिटतात; शेतकरी निश्चिंत होतो, आणि मासे-शिंपल्यांवर पोट असणारा हवालदिल.

हें सारें मी मोठ्या उत्साहानें सांगत होतों.

"अहो, पण दारें केव्हां उघडायचीं, हें ठरवितें कोण?" ती म्हणाली.

चाळीस वर्षांच्या संसारांत वाणसामान आणि मुलांच्या परीक्षा यांपलीकडे आमचा वाद कधीं गेला नव्हता. मी शेतकऱ्याचा पक्ष घेतला, तिनें कोळ्यांचा. कुणीहि माघार घेईना. चहा निवून गेला.